मामूंच्या फियाटमधला रेडिओ

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. आमच्या मामेभावाच्या मोठ्या मुलीचा निकाह ठरला होता आणि तिची रुखसती मामूंच्या जुन्या फियाटमधून करायची, असे घरातल्या मुलांनी मनावर घेतले. मामूंच्या इंतकालाला तेव्हा तीन वर्षे झाली होती. पनवेलजवळच्या आमच्या आजोळी ती गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे. मामेभाऊ दर पंधरा दिवसांनी तिला नाक्यापर्यंत फिरवून आणी, त्यामुळे इंजिन ठीक होते. बंद होता तो फक्त डॅशबोर्डमधला रेडिओ. मुलांना तिथे ब्लूटूथचा नवा सेट बसवायचा होता. नवा सेट आकाराने मोठा, म्हणून डॅशबोर्डचा पत्रा कापावा लागणार होता. मेकॅनिकने रेडिओ तपासून सांगितले होते, "नुसती खरखर येते. आतली कॉइल गेली आहे, याचे सामान आता मिळत नाही."

मुमानींना विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "कापायच्या आधी एकदा तू बघ. तुला वाचता येतं."

आता आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारे. रेडिओचे आम्हाला काय कळणार? पण मुमानींचे शब्द खरे ठरले. त्या रेडिओला दुरुस्तीपेक्षा वाचणाऱ्याचीच जास्त गरज होती. अनेक घरांत आजोबांची जुनी गाडी किंवा माळ्यावर तिचा काढून ठेवलेला रेडिओ असतो आणि तो "मेलेला" म्हणून भंगारात जातो. म्हणून आम्ही जे शिकलो ते इथे सविस्तर सांगत आहोत.

मामू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होते. सत्तरच्या दशकात एका फेरीत त्यांनी हँबुर्ग बंदरावरून हा ब्लाउपुंक्ट रेडिओ आणला. ब्लाउपुंक्ट म्हणजे जर्मन भाषेत निळा ठिपका. ही कंपनी सुरुवातीला हेडफोन बनवत असे आणि तपासणीत पास झालेल्या प्रत्येक हेडफोनवर निळा ठिपका लावत असे. लोक दुकानात जाऊन "निळ्या ठिपक्याचा द्या" म्हणू लागले आणि तेच पुढे नाव झाले. युरोपातला पहिला गाडीचा रेडिओ याच कंपनीने १९३२ मध्ये आणला. त्याचे वजन सुमारे १५ किलो होते! मुख्य पेटी एकीकडे आणि स्टेशन बदलायची कळ स्टिअरिंगच्या दांड्यावर, अशी त्याची रचना होती. अमेरिकेत त्याच्या दोन वर्षे आधी, १९३० मध्ये, पॉल गॅल्विन नावाच्या कारखानदाराने स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला, अटलांटिक सिटीला भरलेल्या रेडिओ उत्पादकांच्या संमेलनापर्यंत ती चालवत नेली आणि बाहेर गाडी उभी करून लोकांना ऐकवला. त्या रेडिओला त्याने मोटोरोला हे नाव दिले.

मामूंच्या रेडिओच्या दर्शनी भागावर एक आडवी काचेची पट्टी, तिच्यात सरकणारा लाल काटा, दोन बाजूंना दोन गोल बटणे आणि खाली पियानोच्या पट्ट्यांसारखी पाच बटणे होती. त्या पाच बटणांवर अक्षरे होती : एल, एम, के, यू आणि पुन्हा यू. मेकॅनिकने ही अक्षरे पाहिली असतील, पण वाचली नव्हती. आम्हीही पहिल्या दिवशी वाचली नाहीत. मागच्या वायरी ओढून पाहण्यातच तो रविवार गेला.

अक्षरांचा अर्थ तसा सोपा आहे. एल म्हणजे लांगवेले, लाँग वेव्ह. एम म्हणजे मिटेलवेले, आपला मीडियम वेव्ह. के म्हणजे कुर्त्सवेले, शॉर्ट वेव्ह. यू म्हणजे उल्ट्राकुर्त्सवेले, अतिलघु लहरी, ज्याला आपण एफएम म्हणतो. एका इंग्रजी रेडिओवर हेच एल, एम असे दिसेल. फ्रेंच रेडिओवर मात्र लाँग वेव्हसाठी 'जी ओ' आणि मीडियमसाठी 'पी ओ' असते, म्हणजे मोठ्या लहरी आणि लहान लहरी. अमेरिकन गाडीच्या जुन्या रेडिओवर बहुधा काहीच लिहिलेले नसते, कारण तिथे गाडीत मीडियम वेव्ह हा एकच पट्टा असे.

लहर म्हटले की आमच्यातला भाषेचा मास्तर जागा होतो. उर्दूत लहरीला 'मौज' म्हणतात. हा शब्द अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आणि मराठीतही आला. मराठीने त्यातले पाणी काढून टाकले आणि नुसता आनंद ठेवला. म्हणून आमच्या वर्गात 'समुद्राची मौज' म्हटले की अर्धी मुले लाटा समजतात आणि अर्धी सहल. उर्दू शास्त्राच्या पुस्तकात तरंगलांबीला 'तूल-ए-मौज' म्हणतात, म्हणजे लाटेची लांबी. रेडिओच्या काचेवर जे 'मीटर' लिहिलेले असते ते हेच. एका लाटेच्या शेंड्यापासून पुढच्या लाटेच्या शेंड्यापर्यंतचे अंतर. आणि 'किलोहर्ट्झ' किंवा त्याहून जुन्या रेडिओवर 'किलोसायकल' म्हणजे सेकंदाला किती हजार लाटा जातात ती मोजणी.

एकच स्टेशन या दोन्ही भाषांत सांगता येते. आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाईंनी आम्हाला हिशेब करून दिला. रेडिओची लाट सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. म्हणून ३,००,००० ला मीटरने भागले की किलोहर्ट्झ मिळतात आणि किलोहर्ट्झने भागले की मीटर. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ५३८ मीटर. पुण्याचे ७९२ म्हणजे ३७९ मीटर. आकडा वाढला की लाट आखूड होते. त्यामुळे मीटर लिहिलेल्या डायलवर आणि किलोहर्ट्झ लिहिलेल्या डायलवर आकडे उलट्या दिशेने चढतात. आजोबांच्या रेडिओवर नव्या यादीतला आकडा शोधताना माणूस इथेच चुकतो. यादीत ७९२ आणि काचेवर २०० ते ५५०! काटा नेऊन कुठे ठेवायचा? आधी भागाकार करायचा, मग काट्याला हात लावायचा.

युरोपात तर मीटरचे आकडे स्टेशनचे नावच होऊन बसले होते. रेडिओ लक्झेंबर्गला लोक नुसते 'दोनशे आठ' म्हणत, कारण ते २०८ मीटरवर लागे. बीबीसीचे ड्रॉइटविचचे लाँग वेव्ह प्रक्षेपण १५०० मीटरवर होते, म्हणजे २०० किलोहर्ट्झ. १९८८ मध्ये ते १९८ वर सरकवले गेले. त्याच्याही आधी, २३ नोव्हेंबर १९७८ ला, जिनिव्हा येथे ठरलेल्या योजनेप्रमाणे युरोप, आफ्रिका आणि आशियातली मीडियम वेव्हची स्टेशने नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने बसवली गेली. म्हणजे त्याआधीच्या रेडिओवर छापलेले स्टेशन आज अगदी त्याच रेघेवर सापडेलच असे नाही. थोडे इकडेतिकडे शोधावे.

या नऊच्या अंतरातून एक गंमत निघते. आपल्याकडच्या मीडियम वेव्हच्या प्रत्येक स्टेशनच्या आकड्याला नऊने भाग जातो. ५५८ च्या अंकांची बेरीज करा : १८. ७९२ ची : १८. मुंबईच्याच १०४४ ची : ९. नागपूरच्या ५८५ ची पुन्हा १८. आम्ही हे पाचवीच्या वर्गात सांगितले, तर मुलांनी घरी जाऊन रेडिओचे सगळे आकडे बेरजा करून आणले. अमेरिकेत मात्र अंतर दहाचे आहे. त्यांच्या गाडीच्या डायलवर ५५, ६०, ७०, ८०, १००, १२०, १४०, १६० असे आकडे असतात. पाहणाऱ्याला वाटते, हे काय भलतेच. तर शेवटचे शून्य जागा वाचवण्यासाठी गाळलेले असते. १०० म्हणजे १००० किलोहर्ट्झ.

चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, आम्ही असा एक अमेरिकन रेडिओ पाहिला. त्याच्या ६४ आणि १२४ या आकड्यांवर दोन बारीक त्रिकोण होते. दुकानदार म्हणाला, डिझाइन आहे. ते डिझाइन नव्हे. शीतयुद्धाच्या काळात, १९५३ ते १९६३, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मीडियम वेव्ह रेडिओवर ती खूण लागे. शत्रूचे विमान आले तर बाकी सगळी स्टेशने बंद होऊन फक्त ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर सूचना मिळणार होत्या, कारण नेहमीच्या स्टेशनचा माग धरत बॉम्बफेकी विमान शहरापर्यंत येऊ शकते अशी भीती होती. ज्या डायलवर हे त्रिकोण असतील तो रेडिओ त्या दहा वर्षांतला समजावा. वय ओळखायचा याहून सोपा उपाय आम्हाला माहीत नाही.

आता मामूंच्या रेडिओकडे परत येऊ. दुसऱ्या रविवारी आम्ही बटणांची अक्षरे वहीत लिहून घेतली, आणि काचेवरच्या चार ओळीही उतरवल्या. यू ची ओळ ८७ पासून १०४ पर्यंत, मेगाहर्ट्झमध्ये. के ची ओळ अगदी आखूड, तिच्यावर फक्त '४९ मीटर'. एम ची ओळ ६, ७, ८, १०, १२, १४, १६ अशी, शंभराने गुणायची. एल ची ओळ १५० ते २८५ किलोहर्ट्झ. मग पाहिले की दाबलेले बटण कोणते आहे. ते एल होते!

भारतात लाँग वेव्हवर प्रसारण नाही. लांब लाटा जमिनीला धरून दूरवर जातात, म्हणून युरोपातल्या देशांनी एकाच मोठ्या प्रक्षेपकाने सबंध देश व्यापण्यासाठी त्या वापरल्या. उष्ण प्रदेशात मात्र विजांच्या कडकडाटाची खरखर या लांब लाटांवर सर्वांत जास्त त्रास देते. पनवेलमध्ये एल दाबून बसले तर खरखरीशिवाय काय येणार? मामू गेल्यावर घरातली लहान मुले त्या गाडीत बसून ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळत, तेव्हा कोणी तरी ते बटण दाबले असावे. मेकॅनिकने काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, पण पट्टा बदलला नाही. तीन वर्षे तो रेडिओ रिकाम्या मैदानाला कान लावून बसला होता.

मुले हसू लागली. "चाचा, मग दाबा ना एम!" पण आम्ही थांबवले. एक तर गाडीच्या एरियलची कांडी तळाशी गंजली होती, ती आधी बदलायची होती. दुसरे म्हणजे जुना रेडिओ एकदम चालू करण्याआधी काही गोष्टी पाहाव्या लागतात. बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले आहे? फियाटमध्ये ऋण टोक बॉडीला असते, पण ब्रिटिश घडणीच्या अनेक जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला असे. उलटे जोडले तर ट्रान्झिस्टर क्षणात जातो आणि मग खरोखरच सामान मिळत नाही. रेडिओवर ६ आणि १२ व्होल्टचा खटका असेल तर तो कुठे आहे हेही पाहावे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ चालू करून पाहू नये. आवाज वाढवला की काही रेडिओंचा शेवटचा ट्रान्झिस्टर त्यानेही जळतो. त्याहून जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट काहीच ऐकू येत नाही, फक्त आतून माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो. तो बिघाड नाही. बॅटरीची थोडी वीज व्हॉल्व्हला लागणाऱ्या मोठ्या दाबापर्यंत चढवणारा व्हायब्रेटर तो आवाज करतो.

लॅमिंग्टन रोडवरून एरियल आणि केबल आणली. दरम्यान आम्ही झाकण उघडून आत पाहिले, आणि खरे सांगायचे तर याच ठिकाणी आमचा जीव अडकला. घरातल्या जुन्या रेडिओत स्टेशन बदलायला पत्र्याच्या पाकळ्यांचा 'गँग' असतो, एका पाकळ्यांच्या झुपक्यात दुसरा झुपका शिरतो. गाडीच्या खडखडाटात त्या पाकळ्या हलल्या तर स्टेशनही हलेल, आणि धूळ बसली तर खरखर होईल. म्हणून गाडीच्या रेडिओवाल्यांनी वेगळी युक्ती काढली. तारेच्या बारीक वेटोळ्यांच्या नळ्या आणि त्यांच्यात आत-बाहेर सरकणाऱ्या काळ्या कांड्या. कांडी जितकी आत, तितके स्टेशन डायलच्या खालच्या आकड्याकडे. गोल बटण फिरवले की सगळ्या कांड्या एकत्र सरकतात आणि त्याच पट्टीला बांधलेला काटाही सरकतो.

आणि ती पाच बटणे? ती नुसती पट्टा बदलत नाहीत. प्रत्येक बटणामागे एक छोटा पत्र्याचा तुकडा असतो, त्याला हवा तसा तिरपा करून घट्ट करता येतो. आवडते स्टेशन लावायचे, बटण बाहेर ओढायचे आणि पूर्ण आत दाबायचे. तुकडा त्या कोनात अडकतो. पुढच्या वेळी बटण दाबले की तो तुकडा कांड्यांच्या पट्टीला ढकलून बरोबर त्याच जागी आणतो. हातात धक्का जाणवतो आणि काटा काचेमागे सर्रकन धावतो. यात विजेचा संबंध नाही. आजच्या गाडीची बॅटरी काढली की अनेकदा लावलेली स्टेशने पुसली जातात. इथे बॅटरी दहा वर्षे काढून ठेवा, तुकडा होता तसाच राहतो.

हे आमच्या लक्षात आले तेव्हा आम्ही मुलांना सक्त सांगितले की कोणतेही बटण ओढायचे नाही. दाबायचे तेही आम्ही सांगू तेव्हा.

एरियल बसवल्यावर एक शेवटचे काम असते, ते बहुतेक लोक करत नाहीत आणि मग "जुना रेडिओ कमी पकडतो" म्हणतात. एरियलच्या खाचेजवळ किंवा बटणाच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. एरियल पूर्ण वर ओढायची, मीडियम वेव्हवर १४०० च्या आसपास एखादे अशक्त स्टेशन शोधायचे आणि तो स्क्रू हलके फिरवत आवाज सर्वांत मोठा येईल तिथे सोडायचा. नवी एरियल आणि जुना रेडिओ यांची ओळख करून द्यायची ती एवढीच. आम्हाला दिवसा तिथे काही सापडेना, म्हणून हे काम रात्रीवर ठेवले.

रात्रीवर ठेवण्याचे कारणही सांगितले पाहिजे. दिवसा सूर्यामुळे आकाशात उंचावर जो विद्युतभारित थर तयार होतो, त्याचा खालचा भाग मीडियम वेव्हच्या लाटा शोषून घेतो. तेव्हा फक्त जमिनीवरून येणारी जवळची स्टेशने ऐकू येतात. सूर्य मावळला की तो खालचा भाग विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लाटा शेकडो मैलांवर उतरतात. मामूंचा के पट्टा मात्र रात्रीही फारसा कामाचा नव्हता. हा रेडिओ आणला तेव्हा त्यांना वाटले होते की शॉर्ट वेव्ह आहे तर रेडिओ सिलोन लागेल. पण सिलोनचे सकाळचे हिंदी प्रसारण २५ आणि ४१ मीटरवर, आणि जर्मनांनी आपल्या गरजेप्रमाणे फक्त ४९ मीटरची चिंचोळी पट्टी दिलेली. मामू म्हणत, "हँबुर्गच्या दुकानदाराला आमची सकाळ काय माहीत!" एफएमचेही तसेच. तेव्हा जर्मनीत १०४ पर्यंतच गरज होती, म्हणून डायल तिथे संपते. मुंबईचे एफएम गोल्ड १००.७ वर आहे, ते लागले. रेनबो १०७.१ वर, ते काचेच्या बाहेर राहिले. मुलांना वाटले रेडिओ बिघडला. बिघडला नव्हता, त्याचा नकाशा तिथपर्यंतच होता.

पण हे सगळे नंतर. नवी एरियल लावली तेव्हा मगरिबची नमाज नुकतीच झाली होती. शेडमध्ये घरची दहा-बारा माणसे जमली होती. मुमानींना खुर्ची आणून दिली, पण त्या बसल्या नाहीत, गाडीच्या उघड्या दारापाशी उभ्या राहिल्या. आम्ही चावी फिरवली, डावे बटण फिरवले. डायलमागे पिवळसर दिवा लागला. तीच जुनी खरखर. मग एम दाबले.

एल चे बटण टक्‌ करून बाहेर आले. काटा उजवीकडून निघाला, १२, १०, ८, ७ ओलांडत डावीकडे धावला आणि ६ च्या थोडा अलीकडे जाऊन थांबला. आम्ही गोल बटणाला हातही लावला नव्हता. खरखरीतून हळूहळू एक बाईंचा आवाज वर आला. मराठी बातम्या चालू होत्या. ५५८.

मामेभाऊ म्हणाला, "हे कोणी लावलं?"

"तुझ्या अब्बांनी," मुमानी म्हणाल्या. "नमाजहून आले की इथेच बसायचे, दार उघडं टाकून. चहा मी इथेच आणून द्यायची." त्यांनी हात आत घालून सीटवरची धूळ झटकली आणि मग त्या बसल्या. बातम्या संपेपर्यंत कोणी बोलले नाही. संपल्यावर मुलांपैकी एकाने दुसरे स्टेशन शोधायला हात पुढे केला. मुमानी म्हणाल्या, "फिरव. पण ते बटण ओढू नकोस."

त्याने काटा १० च्या किंचित पुढे नेला, तर राजकोटचा १०७१ चा मोठा प्रक्षेपक लागला आणि शेडमध्ये आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस घुमू लागली. त्या रात्री १४०० जवळच्या एका पुसट स्टेशनवर आम्ही तो बारीक स्क्रूही फिरवून घेतला. ते स्टेशन कोणते, भाषा कोणती, काही कळले नाही.

डॅशबोर्डचा पत्रा कापला नाही. रुखसतीच्या दिवशी मुलांनी ब्लूटूथचा छोटा स्पीकर मागच्या काचेखाली ठेवला आणि त्यांची गाणी त्यावर वाजवली. पुढे रेडिओच्या एम च्या बटणावर मुमानींनी आदल्या रात्रीच कापडाची एक चिंधी चिकटवून ठेवली होती.